माळकऱ्यानं दिलेली मशीन

माझी नात हल्ली घरबसल्या वॅफल मागवते. पुठ्ठ्याच्या डब्यात येतं, वरून चॉकलेट ओतलेलं, आणि ती मला समजावून सांगते, "आजी, याला वॅफल म्हणतात." मी गप्प बसते. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण वॅफलचा विषय एकदा सुरू झाला की मी थेट माझ्या सासूबाईंपर्यंत जाऊन पोचते, आणि त्या बिचाऱ्या वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी आज लिहिते. त्या वारल्या, माझा राग काही वारलेला नाही.

माझं लग्न ऐंशीच्या आसपासचं. सासर नागपुरात, हनुमाननगरात. घरात सासूबाई, आमचे हे, धाकटे दीर आणि मी. माहेर नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात. बाबांची तिथं संत्र्याची बाग होती, आणि बाबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मटण, मासे, अंडं, दारू यांतलं काही जन्मात तोंडाला लावायचं नाही. आता आमच्याच गावात असेही माळकरी होते की पोळ्याच्या करीच्या दिवशी माळ खुंटीला टांगायची, मटणावर ताव मारायचा आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून माळ पुन्हा गळ्यात. बाबा अशा माणसाच्या ओट्यावरही बसत नसत. "माळ का सदरा आहे," म्हणायचे, "काढला आन् घातला?"

दुसरी एक रीत बाबा तितकीच कडक पाळायचे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. संत्र्याच्या दिवसांत ते टोपली घेऊन एसटीनं यायचे, आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि घोटभर पाणीही न पिता उठायचे. सासूबाई आपल्या व्याह्यांना "चहा तरी घ्या ना इवाई" म्हणायच्या, ते घेणार नाहीत हे पक्कं माहीत असल्यामुळे फार आग्रहानं म्हणायच्या. मग बाबा निघाले की मी खिडकीत उभी राहायची. चौकातल्या सरकारी नळाला ओंजळ लावून ते पाणी प्यायचे, उपरण्यानं तोंड पुसायचे आणि बसस्टँडची वाट धरायचे. मला म्हणायचे, "लेकराचं तोंड पाहू दे माय, मंग तुह्या हातचं पोटभर जेवतो."

पहिल्या दिवाळीला मशीन आली ती दिरांच्या एका टोमण्यामुळे. बाबांनी टोपली खाली ठेवली आणि भाऊजी हसत हसत म्हणाले, "वैनीच्या माहेरी संत्र्याशिवाय दुसरं काही पिकतच नाही काय?" सगळे हसले, बाबाही हसले. पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा एसटीनं आले आणि मला घेऊन बर्डीच्या बाजारात गेले, फॉरेनचा माल ठेवणाऱ्या एका दुकानात.

बाबांनी आयुष्यात निवडून घेतलेली यंत्रं म्हणजे विहिरीवरची मोटर आणि फवारणीचा पंप. त्याच हिशेबानं ते दुकानातल्या प्रत्येक वस्तूकडे पाहत होते. पाव भाजायचा टोस्टर त्यांनी बाजूला सारला. "पाव भाजाले मशीन कायले पाह्यजे? तवा मेला काय?" मिक्सर सासरी होताच. गोल ओव्हन शेजारणीकडे होता, म्हणजे तो घेऊन तोंड वर करता आलं नसतं. मग दुकानदारानं ती काढली. चकचकीत, जडशीळ, दोन पाटांची, आत बागेतल्या झाडांभोवतीच्या आळ्यांसारखे ओळीनं खोलगट चौकोन. दुकानदार म्हणाला, "वॅफल की मशीन है काका. अमेरिकावाले नाश्ते में खाते हैं. अपना चीला समझो, सिर्फ डिझाइनवाला."

बाबांनी ती हातात तोलली. झाकण उघडून मिटून बिजागरीला कान लावला. बोटाच्या पेरानं वाजवली. मग एकेक प्रश्न सुरू झाला. किती करंट खाते? तापली तर आतली तार जळते काय? जळली तर नागपुरात कोणी दुरुस्त करून देते काय? दुकानदारानं प्लग लावून लाल दिवा दाखवला तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. आणि मग, अगदी शेवटी, गळ्यातल्या माळेला हात लावून त्यांनी विचारलं, "याच्यात अंड्याफिंड्याचं काही काम नाही ना?"

"काका, जो घोल डालोगे वही बनेगा," दुकानदार म्हणाला.

यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. तव्यावर पोळीही होते आणि आमलेटही होतं, म्हणून तवा काय अंड्याचा म्हणायचा? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "घेऊ का बाई?" दुकानात उभं राहून मला काय हवं हे कुणी मला विचारलं, ते आयुष्यात पहिल्यांदा. मी हो म्हटलं. परत येताना बाबा खुशीत होते. "नातू होऊ दे. तुह्या घरचा पह्यला घास मी याच मशीनचा खाईन," असं त्यांनी रस्त्यातच जाहीर करून टाकलं.

घरी सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं. तोवर सगळं छान चाललं होतं. मग भाऊजींनी खोक्यातला इंग्रजी कागद उलगडला. त्यावर रंगीत चित्र होतं, दुधाचा जार, पिठाचा वाडगा आणि शेजारी दोन पांढरीशुभ्र अंडी. भाऊजी खाटेवर पडून हसायला लागले. "आई, पाहून घे वं! माळकऱ्यानं अंड्याची मशीन देल्ली!" दोन दिवसांत ही गंमत गल्लीभर झाली. नळावर बायका मला विचारायच्या, "काहून वं, तुह्या बापाची माळ काय प्लॅस्टिकची आहे?"

सासूबाईंनी तर त्याच क्षणी हात झटकले. "ही मशीन माह्या सैपाकघरात नको. मागं ठेव."

मागं म्हणजे मागची पडवी. आमच्याकडे मटण व्हायचं, अंडी व्हायची, दर रविवारी व्हायची, सगळे बोटं चाटून खायचे. पण स्वयंपाकघरात नाही. पडवीत वेगळा रॉकेलचा स्टोव्ह, वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळी फळी. तिथली वस्तू उंबरा ओलांडून आत यायची नाही. माझ्या बाबांनी दिलेली मशीन, जिच्यात अजून पिठाचा थेंबही पडला नव्हता, ती त्या फळीवर मटणाच्या पातेल्याशेजारी गेली. आणि गंमत पाहा, त्याच सासूबाई दर शनिवारी बेकरीतला केक आणवायच्या आणि स्वयंपाकघरात, देवघराकडे पाठ करून, चहाबरोबर खायच्या. मी म्हटलं, "आई, केकमध्ये अंडं असते." त्या म्हणाल्या, "असल. दिसते काय त्याच्यात?" म्हणजे केकातलं खरं अंडं दिसत नाही म्हणून ते सोवळं, आणि मशीनमध्ये नसलेलं अंडं कागदावर दिसलं म्हणून ती ओवळी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "जाऊ दे ना. मशीनच तर आहे." आमच्या ह्यांचं सगळं तत्त्वज्ञान "जाऊ दे" या दोन शब्दांत मावायचं.

मी जाऊ दिलं नाही. मशीन पडवीतून उचलली आणि माझ्या खोलीत ट्रंकेवर आणून ठेवली. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना सरळ सांगितलं, की याच मशीनचं खाऊन बाबा या घरचा पहिला घास घेणार आहेत. तुम्ही हिला स्वयंपाकघरात घेऊ नका, पण हिच्यात अंडं कधीही पडता कामा नये. सासूबाई तेव्हा मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं वं बाई, नाही टाकत कोणी." भाऊजी समोरच होते. त्यांनीही मान डोलावली. मी त्यावर विश्वास ठेवला.

मग मी ती मशीन शिकले. शिकले म्हणजे एकटीनं, कुणाला विचारायची सोय नव्हती. कागदावरची रीत अंड्याची, तिचा मला उपयोग नाही. पॉवरचा प्लग घरात एकच, पुढच्या खोलीत, जिथं इस्त्री व्हायची. तिथं स्टुलावर मशीन ठेवून मी दुपारी प्रयोग करत बसायची. पहिलं वॅफल मी घाईनं उघडलं. अर्धं वरच्या पाटाला, अर्धं खालच्या पाटाला, मधे नुसतं ओलं पीठ. काडीनं एकेक चौकोन कोरून काढताना हात पोळला. दुसऱ्या वेळी तूप कमी पडलं. मैदा नुसता दुधात कालवला तर चिवट व्हायचं. हळूहळू जमलं. दह्यात रवा भिजवून ठेवायचा, त्यात मैदा, साखर, चिमूटभर सोडा, आणि आमच्याच संत्र्याची साल वरवर किसून. दोन्ही पाटांना कापडाच्या बोळ्यानं तूप फासायचं. झाकण मिटलं की कडेनं वाफ निघते; ती वाफ पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. वाफ थांबली की झाकण आपणहून सैल होतं आणि आत सोनेरी, कुरकुरीत जाळी.

आणि मग सगळे खायला हजर! भाऊजी मशीनसमोर पाट टाकूनच बसायचे. तिखटाचंही करून पाहिलं, जिरं आणि कोथिंबीर घालून. ते तर सासूबाई भिवापुरी मिरचीच्या ठेच्याशी मिटक्या मारत खायच्या. पुढच्या खोलीत खायच्या, स्वयंपाकघरात नाही. "अंड्याची मशीन" हे नाव मात्र बदललं नाही. "आज अंड्याच्या मशीनचं कर ना वं," असं म्हणत त्या माझं बिनअंड्याचं खायच्या.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी गेले. निघताना मशीन पुसून, जुन्या लुगड्यात बांधून ट्रंकेवर ठेवली आणि सासूबाईंना आठवण दिली. "हाव हाव," त्या म्हणाल्या.

मुलगा झाला. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर बाबा मला पोचवायला आले. त्या दिवसाचे बाबा मला अजून दिसतात. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मांडीवर नातू. सकाळी माझ्या आईनं भाकरी पुढे केली तर त्यांनी ताट सारलं. "आज लेकीच्या घरी जेवाचं आहे, भूक शिल्लक राहू दे." एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडलं तर त्यालाही सांगितलं, शेजारच्या बाईलाही सांगितलं. काटोलला गाडी थांबली, लोक उतरून चहा प्याले. बाबा जागचे हलले नाहीत.

दारात भाकरतुकडा ओवाळून बाळाला आत घेतलं. बाबा पुढच्या खोलीत बसले, या वेळी खुर्चीच्या कडेवर नाही, चांगले मागं टेकून. मी हातपाय धुतले, रवा दह्यात भिजवला आणि मशीन आणायला खोलीत गेले. ट्रंकेवर नुसतं लुगडं होतं.

मशीन पडवीत होती. फळीवर, मटणाच्या पातेल्याशेजारी. उघडली तर चौकोनाचौकोनात पिवळं काहीतरी वाळून चिकटलेलं, आणि तो वास. मी तिथंच खाली बसले.

भाऊजी मागून आले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट कौतुक होतं. "वैनी, तुम्ही नव्हते तं म्हटलं वापरून पाहू. अंड्याचे तं काय मस्त बनून राहिले हो!"

मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बोंबलू नको. राखेनं घास, गरम पाण्यानं धू. धुतलं का झालं. त्याइले कोण सांगाले जाते?"

"मी सांगीन," मी म्हटलं. "बाबांना मी या मशीनचं खाऊ घालणार नाही."

पडवी आणि पुढची खोली यांत अंतर ते किती. बाबांनी ऐकलं असणारच. सासूबाई मला ओलांडून पुढच्या खोलीत गेल्या, मीही मशीन उचलून त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. त्या तोंडभर हसून म्हणाल्या, "इवाई, पोरीचं ऐकू नका तुम्ही. एखाद्या वेळी पोरानं अंडं केलं असन तिच्यात. भांडंच ते. घासून धुतलं का काय राहाते त्याच्यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा प्रश्न होता तेव्हा कागदावरच्या अंड्यानं मशीन बाटली. आणि माझ्या बापाच्या माळेचा प्रश्न आला तेव्हा ती खऱ्या अंड्यानंही बाटली नाही! इतकी वर्षं राखेनं घासून मटणाचं पातेलं कधी आत आलं होतं का? आपलं ते सोवळं आणि दुसऱ्याचं ते नुसतं खूळ, असा हा न्याय. आमचे हे पंख्याकडे पाहत बसले होते. भाऊजी दाराच्या चौकटीत. कुणाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

बाबा मात्र शांत होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग पाळण्याकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. "हाव," ते म्हणाले, "धुतली का झालं. कर माय, भूक लागली."

आणि त्यांचा हात गळ्याकडे गेला.

काय चाललंय ते मला आधी कळलंच नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून वर काढली, ती एका कानाला अडकली, ती सोडवली. मग ती हातात धरून ते भिंतीकडे पाहू लागले. भिंतीवर ह्यांचा शर्ट अडकवलेली खुंटी होती. माझे बाबा खुंटी शोधत होते.

मी मशीन तिथंच सोडली आणि धावले. त्यांचं मनगट धरलं आणि ओरडले, "बाबा, माळ घाला! आधी माळ घाला गळ्यात!" ते ऐकेनात, "राहू दे माय, राहू दे" म्हणत राहिले. शेवटी मी त्यांच्या हातातून माळ घेतली आणि माझ्या हातानं त्यांच्या गळ्यात घातली. बाळ रडायला लागलं होतं.

मग मी सासूबाईंकडे वळले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी माझा आवाज चढला, आणि आवाज चढला तशी माझी माहेरची बोलीही वर आली. "आई, तुमचं सैपाकघर कागदावरच्या अंड्यानं बाटते, आन् माह्या बापाची माळ काय रस्त्यावर पडली आहे? तुम्ही शब्द देल्ला होता मले. मटार सोलत देल्ला होता, भाऊजीसमोर देल्ला होता. नसन पाळाचा तं द्याचा कायले?"

"जाऊ दे ना," हे म्हणाले.

"नाही जाऊ देत," मी म्हटलं. "आज नाही."

मी स्वयंपाकघरात गेले, पोळ्यांचा तवा चढवला आणि त्याच भिजवलेल्या पिठाची धिरडी घातली. सासूबाई दारात आल्या आणि तशाच परत फिरल्या. मी ताट वाढलं, पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. बाबा जेवले. लेकीच्या घरचा पहिला घास त्यांनी घेतला, पण मान खाली घालून, कुणाचं तरी चोरून खाल्ल्यासारखा. "चांगलं झालं," एवढंच म्हणाले, आणि मी दुसरं धिरडं वाढायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. सकाळपासून राखून ठेवलेली भूक कुठं गेली कोण जाणे.

संध्याकाळी त्यांना पोचवायला मी बसस्टँडवर गेले. बाळ ह्यांच्या हातात दिलं आणि निघाले, कुणाची परवानगी मागितली नाही. रस्ताभर बाबा बागेविषयी बोलले, मोटरविषयी बोलले. गाडी लागली, ते चढले, खिडकीपाशी बसले. माझ्यानं राहवेना. "बाबा, माळ काहून काढली?" मी विचारलं. "तुम्ही तर तशा लोकाइच्या ओट्यावरही बसत नाही."

ते खिडकीच्या गजांतून माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी तं या गाडीनं चाललो माय. तुले त्याइच्यातच राहाचं आहे ना."

गाडी गेली. मी तिथं गर्दीत उभी राहून मोठमोठ्यानं रडले, आणि ते रडू दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. माणसानं जन्मभर सांभाळलेली माळ, आणि ती उतरायची कशासाठी, तर माझ्या सासूबाईंच्या कपाळाला आठी पडू नये म्हणून.